कॅलिफोर्निया सोडून टेक्सासला जाणारे खरंच टॅक्समुळे जातात का?

निळीशाई (सॅन होजे)

गेल्या काही वर्षांत बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजे परिसरातल्या) आमच्या ओळखीची बरीच मराठी घरं टेक्सासला गेली. कुणी फ्रिस्को-प्लेनोला, कुणी ऑस्टिनजवळ राउंड रॉकला, कुणी ह्यूस्टनच्या बाजूला केटीला. निरोपाच्या जेवणात कारण एकच सांगितलं जातं, "इथला टॅक्स परवडत नाही." मला हे कारण पटत नाही. पुन्हा पुन्हा ऐकून तेच खरं वाटायला लागतं, म्हणून हा धागा काढतेय.

लोक जातात हे खरं आहे. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येवरून ठरतात; 2020 च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाच्या 53 वरून 52 झाल्या. राज्याच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. टेक्सासच्या दोन वाढल्या. 2022 या एका वर्षात लाखाहून जास्त माणसं इथून टेक्सासला गेली. त्याच वर्षी चाळीस हजारांहून जास्त तिकडून इकडे आली, ते मात्र कुणी बोलत नाही.

पण जाणारे कोण आहेत ते बघा. कॅलिफोर्नियाच्या इन्कम टॅक्सचा 13.3 टक्के हा जो दर सगळे तोंडावर फेकतात तो दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नाला लागतो. वर्षाला 60 हजार कमावणाऱ्या, दोन मुलं असलेल्या कुटुंबाला स्टेट इन्कम टॅक्स जवळजवळ शून्य येतो. तरी अशी कुटुंबं राज्य सोडतात. का? भाडं भरून हातात काही उरत नाही म्हणून. माझ्या मुलाच्या शाळेतल्या दोन शिक्षिका गेल्या. त्या टॅक्स वाचवायला गेल्या नाहीत. शाळेपासून तासाभराच्या अंतरातही त्यांना घर परवडत नव्हतं.

घरं महाग का? कारण आपण ती बांधू दिली नाहीत. सॅन होजेतली निवासी जमीन बहुतेक सगळी एकेका कुटुंबाच्या घरांसाठी राखून ठेवली. 1970 चा पर्यावरण कायदा नदी-डोंगर वाचवायला केला होता, तो शेजाऱ्यांनी चार मजली इमारत अडवायला वापरला. यात टॅक्स कुठे आला? टॅक्स उद्या निम्मा केला तरी घर दोन खोल्यांनी मोठं होणार नाही. उलट ज्यांच्याकडे पैसे आहेत ते तेवढी जास्त बोली लावतील.

माणदेशी_फ्रिस्को

असहमत. आम्ही 2021 साली बे एरियातलं फ्रीमाँट सोडलं आणि टॅक्स हे कारण होतं. एकमेव नव्हतं, पण होतं.

60 हजारांच्या कुटुंबाचं तुम्ही म्हणता ते मान्य. पण इथे वाचणारे बहुतेक जण नवरा-बायको दोघं नोकरी करणारे. दोघांचे मिळून वर्षाला अडीच लाख डॉलर धरा. कॅलिफोर्नियाचा इन्कम टॅक्स साधारण 15 हजार. वर एसडीआय, म्हणजे आजारपण-रजेच्या राज्य विम्यासाठी पगारातून होणारी कपात. त्याला पूर्वी पगाराची मर्यादा होती, 2024 पासून काढली, आता पूर्ण पगारावर कापतात. 2025 च्या 1.2 टक्के दराने आणखी 3 हजार. म्हणजे वर्षाला 18 हजार डॉलर, दरवर्षी. टेक्सासमध्ये हे दोन्ही नाहीत. आणि इन्कम टॅक्स लावायचाच नाही अशी घटनादुरुस्ती इथल्या मतदारांनी 2019 मध्ये मंजूर केली आहे.

या पैशाचं काय झालं ते सांगतो. फ्रीमाँटच्या अपार्टमेंटमध्ये आई-बाबा आले की मुलगी हॉलमध्ये झोपायची. इथे खालच्या मजल्यावर त्यांची स्वतंत्र खोली आहे, बाबांच्या गुडघ्यांना जिना चढावा लागत नाही. आता ते सहा महिने निर्धास्त राहतात. हे मला बे एरियात मिळालं नसतं. ज्यांना मिळालं त्यांनी ते कधी घेतलं तेही विचारा.

गवतीचहा

@माणदेशी, टेक्सासचा प्रॉपर्टी टॅक्स तुम्ही वगळलात. दर वर्षाला घराच्या किमतीच्या 1.7 पासून सव्वादोन टक्क्यांपर्यंत. नव्या वसाहतीत पाणी आणि ड्रेनेजसाठी वेगळा म्यूड डिस्ट्रिक्ट असला तर त्याहून वर. एचओए (वसाहतीच्या संघाची वर्गणी) निराळी. घराचा विमा गारपिटीमुळे महाग. दरवर्षी अप्रेजल डिस्ट्रिक्टची (टॅक्ससाठी घराची किंमत ठरवणाऱ्या कचेरीची) नोटीस आली की प्रोटेस्ट करत बसायचं. नोकरी गेली की इन्कम टॅक्स थांबतो, प्रॉपर्टी टॅक्स थांबत नाही. ले-ऑफच्या काळात हा फरक छोटा नाही.

माणदेशी_फ्रिस्को

वगळला नाही, सांगणारच होतो. माझं साडेसहा लाखांचं घर आहे. होमस्टेड सवलत (स्वतः राहत्या घराच्या किमतीतला काही भाग टॅक्समधून वगळतात ती) धरून साधारण 10 हजार भरतो. ही सवलत शाळेच्या टॅक्सपुरती 2023 मध्ये 40 हजारांवरून एक लाख केली, 2025 मध्ये 1 लाख 40 हजार. आता फ्रीमाँटमध्ये एवढंच घर आज घ्यायचं तर 16 लाखांच्या खाली नाही, आणि 1.2 टक्क्यांनी 19 हजार प्रॉपर्टी टॅक्स. दर तिथला कमी, बिल तिथलं दुप्पट. लोक दराची तुलना करतात, बिलाची करत नाहीत.

ले-ऑफचा मुद्दा बरोबर आहे. पण साडेसहा लाखांच्या कर्जाचा हप्ता एका पगारात निभतो. सोळा लाखांचा निभत नाही.

निळीशाई

म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय. साडेसहा आणि सोळा लाखांतला फरक हा घराच्या किमतीचा आहे. तुमच्या हिशोबातल्या 18 हजारांपेक्षा त्या जादा साडेनऊ लाखांवरचं व्याज कितीतरी मोठं.

माणदेशी_फ्रिस्को

दोन्ही एकाच खिशातून जातात, ताई. महिनाअखेरीस बँकेत काय उरलं एवढंच दिसतं.

दुर्गवेडा

निघायच्या विचारात असलेल्यांसाठी दोन गोष्टी, कारण सामान बांधलं म्हणजे टॅक्स सुटला असं पुष्कळांना वाटतं.

एक, आरएसयू, म्हणजे कंपनी पगाराबरोबर देते ते शेअर्स. कॅलिफोर्नियात असताना देऊ केलेले शेअर्स टेक्सासला गेल्यावर व्हेस्ट झाले, म्हणजे प्रत्यक्ष हातात आले, तरी ग्रांटपासून (देऊ केल्याच्या दिवसापासून) व्हेस्टिंगपर्यंत कामाचे जेवढे दिवस कॅलिफोर्नियात भरले त्या प्रमाणात कॅलिफोर्निया टॅक्स मागतो. फ्रँचाइझ टॅक्स बोर्ड, म्हणजे कॅलिफोर्नियाचं इन्कम टॅक्स खातं, हे बारकाईने तपासतं. नवरा ऑस्टिनला, बायको-मुलं कूपर्टिनोच्या शाळेसाठी मागे, असं असेल तर रहिवासी कुठले यावरच प्रश्न येतो.

दोन, एच-वन, म्हणजे कंपनीमार्फत मिळणारा कामाचा व्हिसा. कंपनी "कुठूनही काम करा" म्हणाली तरी एच-वन तसं म्हणत नाही. दुसऱ्या महानगर विभागात जायचं तर नवा एलसीए (कामाची जागा आणि पगार सांगणारा कंपनीचा अर्ज) आणि सुधारित पिटिशन (व्हिसाचा अर्ज) आधी दाखल व्हायला हवं. ग्रीन कार्डची लेबर प्रक्रियाही जागेशी बांधलेली असते, ती बहुधा नव्याने करावी लागते. आय-140 (ग्रीन कार्डसाठीचा कंपनीचा अर्ज) मंजूर असेल तर प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा) टिकते, पण दोन-तीन वर्षं धाकधुकीत जातात. रांगेत अडकलेल्या आपल्या माणसांना राज्य निवडायचं स्वातंत्र्य तितकंसं नाही, हे या चर्चेत कुणी म्हणत नाही.

रेवा

मी उलट दिशेने आलेल्या चाळीस हजारांच्या जातीतली. चार वर्षं ऑस्टिनला राहून बे एरियातल्या सनीवेलला परतले.

फेब्रुवारी 2021 च्या थंडीत आमच्याकडे तीन रात्री वीज नव्हती. बाळ आठ महिन्यांचं. टेक्सासची वीजजाळी देशाच्या दोन मोठ्या जाळ्यांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे, त्यामुळे बाहेरून पुरेशी वीज आणता आली नाही. सरकारी मोजणीनुसार त्या थंडीत 246 माणसं गेली. तेव्हापासून दर हिवाळ्यात माझ्या पोटात गोळा यायचा.

पण परतण्याचं खरं कारण दुसरंच. मला नोकरी बदलायची होती आणि करारात नॉन-कंपीटचं कलम होतं, म्हणजे नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही. कंपनीने वकिलाचं पत्र पाठवलं. टेक्सासमध्ये असं कलम वाजवी मर्यादेत असेल तर लागू होतं. कॅलिफोर्नियात बहुतेक सगळ्या नोकऱ्यांसाठी ते रद्दबातल आहे, आणि हा नियम 1872 पासूनचा. इथे सकाळी एक कंपनी सोडून दुपारी समोरच्या कंपनीत जाता येतं. सगळी सिलिकॉन व्हॅली यावर उभी आहे. परत आल्यावर पगारात जी वाढ मिळाली तिच्यातून टॅक्स भरूनही उरतं.

आणि @माणदेशी, ज्या एसडीआयचा तुम्हाला राग येतो, त्यातूनच कॅलिफोर्नियाची पगारी कौटुंबिक रजा चालते. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, 2002 मध्ये. दुसऱ्या बाळाच्या वेळी मी इथे होते. बाळंतपणाचे आठवडे वेगळे आणि वर बाळासोबत आठ आठवडे. नवऱ्यालाही आठ. टेक्सासमध्ये पहिल्या वेळी मी साठवलेली सुट्टी वापरून सहाव्या आठवड्यात लॅपटॉप उघडला होता. टाके नीट भरले नव्हते. 18 हजारांच्या हिशोबात हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

माणदेशी_फ्रिस्को

@रेवा, थंडीबद्दल काही बोलणार नाही, तेव्हा इथले सगळेच होरपळले. रजेचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि टेक्सासने तसा कायदा करावा असं मनापासून वाटतं. पण बाळंतपण आयुष्यात एकदा-दोनदा, टॅक्स दर पंधरवड्याला.

गवतीचहा

मुलगी वयात येत असलेल्या आईच्या मनात आणखी एक गोष्ट असते, ती इथे स्पष्ट लिहिते. 2022 पासून टेक्सासमध्ये गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आहे. गर्भारपणात गुंतागुंत झाली तर डॉक्टर किती थांबतील हा प्रश्न माझ्यासाठी घराच्या चौरस फुटांपेक्षा मोठा आहे. आमच्या घरात टेक्सासचा विषय तिथेच संपला.

प्राजक्ताचा सडा (पुणे)

मी इथली नाही, पण लेक सनीवेलला आणि मुलगा फ्रिस्कोला, दोन्हीकडे राहून आले आहे. म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने लिहिते.

मुलाकडे घर प्रशस्त. देवघराला वेगळी खोली, मागे तुळस, कढीपत्ता. हनुमानाचं मोठं देऊळ आहे, शनिवारी तिथे गेलं की चार माणसं मराठी बोलायला भेटतात. पण त्यासाठी कुणीतरी गाडीने न्यायला हवं. ऑगस्टमध्ये सकाळी नऊनंतर दाराबाहेर पाय टाकवत नाही. दिवसभर एसी आणि मी.

लेकीकडे दोन खोल्यांत सगळे. पण मी एकटी चालत लायब्ररीत जायचे, बागेत जायचे, तिथे आपल्या वयाच्या बायका बाकावर बसलेल्या असायच्या. हवा बारा महिने पुण्याच्या डिसेंबरसारखी. मुलांनो, आई-वडिलांना खोली हवी असते, पण दिवसही घालवायचा असतो. घर बघताना पायी जाण्यासारखं जवळ काय आहे तेही बघा.

दुर्गवेडा

काकू, हे लिहिलंत ते बरं केलंत. आम्ही हे कधी मोजतच नाही.

माणदेशी_फ्रिस्को

काकू, तुमचं म्हणणं अगदी पटलं, घरी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर आहे, पण फ्रीमाँटला तू मला महिन्यापेक्षा जास्त ठेवून घेऊ शकत नव्हतास."

आता @निळीशाई, एक थेट प्रश्न, राग मानू नका. तुमचं सॅन होजेचं घर कोणत्या सालचं?

निळीशाई

2003. सहा लाखांना घेतलं. आज बाजारात वीस लाख येतील. 1978 च्या प्रॉप 13 मुळे (मतदारांनी थेट मतदानाने केलेला कायदा) टॅक्ससाठीची किंमत वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, म्हणून माझा टॅक्स साडेनऊ लाखांच्या आतल्या किमतीवर आहे, साधारण 11 हजार. शेजारच्या तशाच घरात गेल्या वर्षी एक तरुण जोडपं आलं. ते 24 हजार भरतात. शाळा तीच, रस्ता तोच, पोलीस तेच. हे अन्यायाचं आहे आणि मी ते उघड म्हणते.

म्हणूनच माझा मूळ मुद्दा आणखी पक्का होतो. कॅलिफोर्निया "जास्त टॅक्सचं राज्य" आहे ते उशिरा आलेल्यांसाठी. आधी येऊन बसलेल्यांसाठी ते स्वस्त आहे, त्यामुळे ते घर विकत नाहीत, मुलं निघून गेली तरी चार बेडरूममध्ये दोघंच राहतात, आणि बाजारात घरं येत नाहीत. प्रॉपर्टीतून न आलेला पैसा राज्य मग पगारातून काढतं. तुम्ही इथे जो टॅक्स भरत होता त्यातला काही भाग माझ्यासारख्यांच्या वाट्याचा होता. 2020 मध्ये व्यापारी मालमत्तांपुरता प्रॉप 13 सैल करायचा प्रस्ताव, प्रॉप 15, मतदानाला आला होता. मी त्याच्या बाजूने मत दिलं. थोडक्यात पडला.

माणदेशी_फ्रिस्को

हे तुम्ही लिहिलंत याबद्दल आदर वाटला. पण प्रॉप 15 मध्ये घरं नव्हतीच, दुकानं आणि ऑफिसं होती. घरांवरचं संरक्षण काढायचा प्रस्ताव आला तर त्याच्या बाजूने मत द्याल? आणि तुमच्या गल्लीतल्या आपल्या किती लोकांना पटवाल?

निळीशाई

देईन. एकदम नाही, पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि पेन्शनवर जगणाऱ्यांना घर विकलं जाईपर्यंत टॅक्स पुढे ढकलायची मुभा देऊन. त्याबरोबर पगारावरचे मधले दर, विशेषतः 9.3 टक्क्यांचा, खाली आणावेत. गल्लीत चार मराठी घरं आहेत. दोघांशी बोलले. एक हो म्हणाले, दुसरे त्या दिवसापासून जरा कमी बोलतात.

माणदेशी_फ्रिस्को

9.3 चा दर खाली आणा म्हणताय, म्हणजे टॅक्स हे कारण आहे हे तुम्हालाही मान्य.

निळीशाई

नाही. अन्याय आहे हे मान्य. दर उद्या उतरला तरी सोळा लाखांचं घर सोळा लाखांचंच राहील, आणि त्या शिक्षिका परत येणार नाहीत.