तो परिच्छेद लमेत्र यांनी स्वतःच गाळला होता
बेल्जियन विश्वशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांच्या १९२७च्या फ्रेंच लेखातला विश्वाच्या प्रसरणाविषयीचा कळीचा भाग इंग्रजी भाषांतरात अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलच्या दबावामुळे कापला गेला, असा आरोप केला जातो. लमेत्र यांना श्रेय उशिरा मिळालं हे मान्यच, पण हबलवरचा हा आरोप टिकत नाही. २०११ साली खगोलशास्त्रज्ञ मारिओ लिव्हिओ यांनी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या दप्तरातून मार्च १९३१चं एक पत्र शोधून काढलं. त्यात लमेत्र स्वतःच संपादकांना कळवतात की दीर्घिकांच्या वेगांची ती तात्पुरती चर्चा आता पुन्हा छापण्यात अर्थ नाही. भाषांतरही त्यांचंच! विश्वाच्या प्रसरणाचा दर, मेगापार्सेकला (म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं अंतराला) सेकंदाला सुमारे ६२५ किमी, हबलच्या दोन वर्षं आधी काढलेला आकडा, त्यांनी आपल्याच हाताने वगळला. मला तर हे वाचून गलबलून आलं.

२०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या सदस्यांनी ७८ टक्के मतांनी ‘दीर्घिका जितकी दूर, तितक्या जास्त वेगाने ती लांब जाते’ या हबलच्या नियमाला ‘हबल-लमेत्र नियम’ असं नाव सुचवलं, ते योग्यच झालं. आपल्या पाठ्यपुस्तकांतही ते जोडनावच यायला हवं. एक समाधान मात्र आहे. १९६६च्या जूनमध्ये लमेत्र गेले, त्याआधी आजारपणात त्यांचे सहकारी गोदार यांनी वैश्विक पार्श्वप्रारण, म्हणजे विश्वाच्या स्फोटक आरंभाच्या त्यांच्या कल्पनेला पुष्टी देणारं अवकाशभर पसरलेलं मंद प्रारण, सापडल्याची बातमी त्यांच्या कानावर घातली होती.