५०१ म्हणून आलेली जीन्स नकली तर नाही ना? परत करायला दोनच दिवस उरलेत

सोप्यावरची (फोंडा)

मदत हवी आहे, आणि जरा घाईत. मुलगा यंदा फर्मागुडीला इंजिनियरिंगला लागला. कॉलेज सुरू व्हायच्या आत एक तरी 'ओरिजिनल' जीन्स पाहिजे म्हणून महिनाभर माझं डोकं खाल्लं. मॉलमध्ये गेलो, लेव्हीजच्या ५०१ वरचा आकडा वाचला आणि पँट होती तशी घडी करून ठेवून दिली. मग त्यानेच एका मोठ्या शॉपिंग अ‍ॅपवर तीच ५०१ शोधली, १,४९९ ला. 'सत्तर टक्के सूट, शेवटचे ३ नग.' मागवली. पाच दिवस झाले येऊन.

तेव्हापासून घरात दोन पक्ष. मुलगा म्हणतो खरीच आहे, कारण चेन वायकेकेची आहे, मागच्या खिशाला लाल पट्टी आहे, कमरेच्या पट्ट्यावर दोन घोडे आहेत. माझ्या शंका अशा: पिशवी फाडली तेव्हा रॉकेलसारखा वास आला. लाल पट्टीवर कंपनीचं नावच नाही, नुसतं गोलातलं आर. आणि तो पाच मिनिटं ती घालून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला तर खुर्ची निळी झाली. नवऱ्याचं मत, पाय झाकले म्हणजे झालं. त्यांचं मत धरू नका.

अजून धुतलेली नाही, टॅग कापलेले नाहीत. कसं ओळखायचं?

जुना_म्हापशेकर

अकरा वर्षं जीन्सच्या शोरूममध्ये काउंटरवर काढली आहेत, म्हणून बोलतो. ताई, एकच प्रश्न. ५०१ म्हणताय आणि चेनही म्हणताय?

सोप्यावरची

हो. पितळी चेन आहे. चांगली सुळकन चालते.

जुना_म्हापशेकर

मग मिटलं. ५०१ ला चेन नसतेच. पुढे बटणं असतात, वरचं मोठं आणि खाली झाकलेली लहान. तीच तिची ओळख. तसाच सरळ काट चेनसकट हवा असेल तर ती ५०५. (१९५० च्या दशकात ५०१झेड नावाची चेनवाली निघाली होती, पण ती जुन्या मालाच्या शौकिनांची गोष्ट. १,४९९ ला अ‍ॅपवर येणारी नव्हे.) तुमच्या विक्रेत्याने फोटो एकीचा लावलाय, शिवली दुसरीच आणि आकडा तिसरीचा छापलाय.

पण गंमत बघा, तुमच्या तिन्ही शंका लंगड्या आहेत. नुसत्या आरची लाल पट्टी खऱ्या लेव्हीजवरही येते. कंपनी काही नगांवर मुद्दाम बिननावाची पट्टी लावते, कारण ट्रेडमार्क नुसत्या नावावर नाही, त्या जागी शिवलेल्या पट्टीवरही आहे. १९३६ पासून ती उजव्या मागच्या खिशाच्या डाव्या शिवणीत असते. शोरूममध्ये दर आठवड्याला एखादा तरी भांडायला यायचा, "डुप्लिकेट विकता काय रे" म्हणून. आम्ही चहा पाजून समजावायचो.

नाव असलेल्या पट्टीवर मात्र अक्षरं नीट बघा. १९७१ पासून इंग्रजीतला ई छोटा आणि बाकीची अक्षरं मोठी अशी विणतात. मोठा ई दिसला तर एक तर जुना नग, नाही तर जुन्या धर्तीवर मुद्दाम काढलेला महागडा, नाही तर नकली. स्वस्तातल्या पँटवर मोठा ई म्हणजे बहुतेक तिसरं.

खुर्ची निळी झाली त्याचंही तेच. नीळ धाग्याच्या वरवर बसते, गाभ्यापर्यंत जात नाही. म्हणून गडद नवी जीन्स खरी असली तरी रंग सोडते. आपल्या पावसाळ्यात तर जास्तच, घाम आणि दमट हवा. वासाचंही तसंच. फिनिशिंगच्या केमिकलचा वास चांगल्या मालालाही येतो.

सोप्यावरची

म्हणजे माझी कारणं चुकली आणि निकाल बरोबर आला! मुलाला वाचून दाखवलं. तो विचारतो, वायकेके तर जपानी कंपनी, मग चेन खरी असून पँट नकली कशी?

जुना_म्हापशेकर

त्याला सांगा, वायकेके सगळ्यांना चेन विकते. पाचशेच्या पँटला खरी वायकेके लागू शकते आणि खऱ्या ब्रँडेड पँटला दुसऱ्या कंपनीची. वर वायकेकेची अक्षरं कोरलेल्या नकली चेनही बाजारात आहेत. त्या तीन अक्षरांवरून पँटचं काहीच कळत नाही.

त्यापेक्षा कमरेचं बटण उलटं करून मागचा आकडा वाचा, आणि मग आतल्या धुलाईच्या लेबलवर कारखान्याचा आकडा शोधा. बऱ्याच लेव्हीजमध्ये दोन्ही जुळतात. नाही जुळले म्हणून लगेच फाशी देऊ नका, पण शंका घ्या. घोड्यांच्या पट्ट्यावर २० मे १८७३ ही तारीख असते, खिशाला तांब्याचे खिळे ठोकण्याचं पेटंट मिळालं तो दिवस. नकलेत तिथलं इंग्रजी गंडलेलं सापडतं. स्पेलिंग एकेक अक्षर लावून वाचा.

शिंपीबुवा_साखळी

आमच्याकडे लांबी कमी करायला पँटी येतात, तेव्हा उलट्या करूनच बघतो. बाहेरून सगळे सारखेच नटवतात.

पायाची दुमड उलटा. डेनिमचा उभा धागा निळा आणि आडवा पांढरा, म्हणून आतून कापड फिकट दिसायला हवं. निळ्या जीन्सला आतूनही तेवढाच निळा रंग असेल तर ते कापड विणून झाल्यावर रंगात बुचकळलंय. (काळ्या किंवा मुद्दाम दोनदा रंगवलेल्या पँटींना हा नियम लावू नका.) मग खिशात हात घालून अस्तर चोळा. नकलेत पैसा वाचवतात तो तिथे. अस्तर पतंगाच्या कागदासारखं लागतं, चार महिन्यांत नाणी घोट्याशी. मागच्या खिशांवरची कमान बघा, दोन्ही खिशांवर एकाच उंचीवर पाहिजे आणि दोन रेघा मधे जिथे मिळतात तिथे बारीक शंकरपाळं पडायला पाहिजे. घाईत शिवणाऱ्याची रेघ तिथे चुकतेच. तेवढी एक जागा मीसुद्धा एका दमात बरोबर मारू शकत नाही, खोटं कशाला सांगू.

बागाबॉय

एवढा खटाटोप कशाला? बागाच्या रस्त्यावर १,२०० ला डीझल घेतली, फर्स्ट कॉपी. दोन वर्षं झाली, मस्त चालतेय. कोण खिशात वाकून बघतंय?

मडगावची_वकीलबाई

बागाबॉय, घालणाऱ्याला कोणी पकडत नाही, काळजी नको. पण 'फर्स्ट कॉपी', 'मास्टर कॉपी', 'सेव्हन ए' या सगळ्याला कायद्यात एकच नाव आहे, खोटा ट्रेडमार्क लावलेला माल. ट्रेड मार्क्स कायदा १९९९, कलम १०४. विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. तुम्ही तरी जाणूनबुजून १,२०० दिलेत. सोप्यावरची यांना खरी सांगून विकली, फसवणूक ती.

ताई, आता तुमचं. अ‍ॅपमध्ये परतीचं कारण विचारतील तिथे 'साइज बसत नाही' अजिबात टाकू नका. सोपं पडतं म्हणून सगळे तेच टाकतात आणि नंतर तक्रारीला आधार उरत नाही. 'बनावट वस्तू' किंवा 'वर्णनाप्रमाणे नाही' हेच निवडा. खाली एक ओळ: ५०१ म्हणून विकली, ५०१ ला बटणं असतात, हिला चेन आहे. विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, उद्या ते पान असेलच असं नाही. पार्सलची पिशवी पत्त्याच्या स्टिकरसकट ठेवा.

विक्रेत्याने हात वर केले तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० दाखवा. माल नकली किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला तर परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची. तरीही हललं नाही तर १९१५ वर फोन, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. उत्तर गोव्यासाठी पर्वरीला, दक्षिण गोव्यासाठी मडगावला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. १,४९९ साठी लोक येत नाहीत हेच त्यांचं भांडवल.

ताळेबंद

सगळे पँट उलटी करतायत, बिल कोणी उलटं केलं का? त्यावर जीएसटी नंबर आहे? किती टक्के लावलाय?

सोप्यावरची

नंबर ०७ ने सुरू होतो. कर १२ टक्के दाखवलाय.

ताळेबंद

०७ म्हणजे दिल्ली. (आपला गोवा ३०, महाराष्ट्र २७.) पूर्ण पंधरा अक्षरं जीएसटीच्या सरकारी साइटवर टाका. कोणाच्या नावावर आहे, नोंदणी चालू की रद्द, लॉगिन न करता दिसतं. दुसऱ्या राज्यातून कपडे विकणाऱ्याला नोंदणी लागतेच, म्हणजे नंबरच नसेल तर विषय तिथेच संपला.

आणि १२ टक्के? २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० पर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आहे, त्याच्या वर १८. कपड्यांना बारा टक्के राहिलाच नाही. हे बिल कुठल्या तरी जुन्या नमुन्यावर ठोकलंय. माझ्या लेखी ते लाल पट्टीपेक्षा मोठं.

अबोली_डिचोली

मधेच घुसते, माफ करा. भावाच्या वाढदिवसाला डीझलची बघतेय, ऑनलाइनच. तिला पण असंच आहे का, घोडे वगैरे?

जुना_म्हापशेकर

नाही गो, घोडे लेव्हीजचे. डीझल इटलीची. त्यांच्या आतल्या लेबलवर क्यूआर कोड आणि बारा आकडी नंबर असतो, तो सर्टिलोगो या खरं-खोटं तपासणाऱ्या साइटवर टाकून बघता येतो. फक्त लेबलवरचा क्यूआर थेट स्कॅन करू नकोस. नकली क्यूआर नकली पानावर नेईल आणि तिथे मोठी हिरवी बरोबरची खूण दाखवेल. साइटचं नाव स्वतः टाइप कर, मग नंबर घाल. आणि हे सगळं पँट हातात आल्यावरचं. मागवण्याआधी एकच बघ, विक्रेता कोण. त्याच अ‍ॅपवर ब्रँडचं स्वतःचं दुकानही असतं आणि शेजारी कुठलं तरी 'फॅशन हब ट्रेडर्स'ही असतं, फोटो दोघांचा सारखाच. 'विक्रेता' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तिथे बोट ठेव.

चोर्लापार

मी मूळचा बेळगावकडचा, घाट उतरून इकडे आलो. एक सुचवू? नावाचा हट्ट नसेल तर बल्लारीची घ्या. तिथे घराघरांत जीन्स शिवतात, स्वतःच्या साध्या नावाने विकतात. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात साडेसातशेला घेतली, कापड हाताला जड, तिसरा पावसाळा चालू आहे. खोटं नाव लावलेल्या दीड हजाराच्या पँटपेक्षा ती किती तरी बरी. 'एक्स्पोर्ट सरप्लस' (निर्यातीतून उरलेला माल) म्हणणाऱ्यांकडे मात्र जपून. खऱ्या सरप्लसचं लेबल बहुतेकदा कापलेलं किंवा त्यावर काट मारलेली असते. कोरं करकरीत लेबल आणि वर सरप्लस, असं सहसा जमत नाही.

सोप्यावरची

बल्लारीचं नाव काढलं तर मुलगा जेवायचा नाही. पण मी माझ्यासाठी बघते.

सोप्यावरची (दोन दिवसांनी)

काय झालं ते लिहिते. बटणामागचा आकडा आणि लेबलवरचा आकडा, दोन्ही वेगळे. जीएसटीच्या साइटवर तो नंबर एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला, नोंदणी रद्द. वकीलबाईंनी सांगितलं तसंच कारण टाकलं. विक्रेत्याचा मेसेज आला, "मॅडम, २०० रुपये परत देतो, पँट ठेवून घ्या." नाही म्हटलं. मग अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला बिल आणि चेनचा फोटो पाठवला. आज भर पावसात पिकअपवाला आला, रेनकोटातून पाणी निथळत होतं. अर्धा कप चहा घेऊन पँट घेऊन गेला. पैसे पाच-सात दिवसांत म्हणतात.

मुलगा आता पणजीत जो दिसेल त्या माणसाच्या खिशावरची पट्टी वाचत फिरतो. काल कदंबा बसमध्ये एकाने वळून विचारलं, काय रे, काय झालं?

सगळ्यांना देव बरें करूं.

मडगावची_वकीलबाई

पिकअपवाल्याकडून पोच घेतली ना? आणि पिशवी बंद करायच्या आधी फोटो?

सोप्यावरची

पोच अ‍ॅपवर आली. फोटो काढलेत, चेन उघडी ठेवून.