सार्कोमा आणि इम्युनोथेरपी : शस्त्रक्रियेआधी विचार करावा का?

प्रश्न (फोंडा) : माझ्या भाच्याच्या मांडीतील गाठ बायोप्सीत सायनोव्हियल सार्कोमा (मऊ ऊतींचा एक कर्करोग) निघाली. गाठ पसरलेली नाही. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया व रेडिएशन सुचवले आहे. नातेवाईक मात्र इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचाराचा, आग्रह धरतात. त्यात तथ्य किती?

उत्तर १ (म्हापसा) : या उपचाराचा आरंभच सार्कोमापासून झाला. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९१ मध्ये अशा रुग्णाच्या गाठीत मुद्दाम जिवाणू टोचले होते.

उत्तर २ (पणजी) : इतिहास रंजक असला, तरी निर्णय त्यावर घेता येत नाही. सार्कोमाचे सत्तरहून अधिक प्रकार आहेत आणि एका प्रकारातील यश दुसऱ्याला लागू पडत नाही. सायनोव्हियल सार्कोमात जनुकीय बदल कमी असल्याने पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या, प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडवणाऱ्या औषधांचा प्रभाव सहसा पडत नाही. वेगळ्या वाटेने जाऊन शल्यचिकित्सक-संशोधक स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने रुग्णाच्याच टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना) गाठीतील एनवाय-ईएसओ-१ हे प्रथिन ओळखायला शिकवले, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सहापैकी चार रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. याच धर्तीवरील, पण मेज-ए४ या प्रथिनावर बेतलेल्या उपचाराला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली. तीही केमोथेरपी घेऊन झालेल्या आणि गाठ काढता न येणाऱ्या किंवा पसरलेल्या, शिवाय ठरावीक एचएलए प्रकार (पेशींवरील आनुवंशिक ओळखखुणांचा प्रकार) असलेल्या प्रौढांसाठीच. भाच्याची गाठ काढता येण्याजोगी असेल, तर शस्त्रक्रिया लांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे मत हवेच असेल, तर बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा नमुना) व स्लाइड घेऊन मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ब्लॉक उद्याच मागवतो.