झोंबी नाक्याचा गेम: लक्षणांच्या टक्केवारीचं गणित कुठे बिघडतंय?

नाका_क्रमांक_९

गोडो ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये तपासणी नाक्याचा गेम करतोय. शहरातून निसटलेली माणसं रांगेत येतात, खेळाडू तपासतो आणि शिक्का मारतो: आत, विलगीकरण किंवा परत. दिवसाला २० माणसं, प्रत्येक जण बाधित असण्याची शक्यता १५%. दिवस ६०० सेकंदांचा, एका तपासणीला ४ सेकंद. लक्षणं अशी:

ताप: बाधित ७०%, निरोगी २०%
खोकला: बाधित ५०%, निरोगी ३०%
लाल डोळे: बाधित ६०%, निरोगी १०%
चाव्यासारखी जखम: बाधित ४०%, निरोगी ५% (कुत्रा चावला, काच लागली वगैरे)

गेम खेळून पाहणाऱ्यांच्या तक्रारी तीन. एखाद्या दिवशी एकही झोंबी येत नाही, तर एखाद्या दिवशी लोंढाच येतो. सगळं तपासूनही चूक निघते, म्हणजे हा नशिबाचा खेळ झाला. आणि जे सरावलेत ते "दोन लक्षणं दिसली की परत" एवढाच नियम धरून, विचार न करता खेळतात. कशाला हात घालू?

फाशांचा_वैरी

पहिली तक्रार सर्वात सोपी. प्रत्येक माणसासाठी वेगळा फासा टाकलात की २० जणांत एकही बाधित नसण्याची शक्यता ०.८५ चा विसावा घात, म्हणजे जवळपास ४%. सहा किंवा जास्त बाधित येण्याची साधारण ७%. म्हणजे दर नऊ-दहा दिवसांत एक दिवस विचित्र जाणारच.

त्याऐवजी पत्त्यांसारखं पिसा. दिवस सुरू होताना ३ बाधित आणि १७ निरोगी अशी यादी करा, पिसा आणि वरून एकेक काढा. मात्र आकडा पक्का ३ ठेवू नका. तिसरा सापडला की खेळाडू उरलेल्यांना डोळे मिटून आत सोडतो. आधी २ ते ४ मधला आकडा काढा, मग यादी भरा. लोंढ्याचा दिवस हवाच असेल तर तो कथेत मुद्दाम ठेवा आणि सकाळच्या रेडिओवर इशारा द्या.

गोडोमधली एक मेख: यादी पिसणारं शफल() हे फंक्शन जागतिक यादृच्छिक जनरेटर वापरतं, तुम्ही बनवलेल्या रँडमनंबरजनरेटरचं बीज (ज्यावरून आकड्यांचा क्रम ठरतो तो सुरुवातीचा आकडा) ते पाहत नाही. "त्याच बीजावर तोच दिवस" हवा असेल तर पिसण्याचा लूप स्वतः लिहा: शेवटच्या घरापासून मागे येत ० ते त्या घरापर्यंतचा आकडा काढायचा आणि अदलाबदल करायची. सेव्ह करताना बीजाबरोबर जनरेटरची स्टेटही (तो क्रमात कुठवर पोचलाय ते) साठवा, नाहीतर लोड केलं की रांग बदलते आणि लोक त्याचा फायदा घेतात.

संभाव्यता_कट्टा

दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीचं मूळ तुमच्या तक्त्यातच आहे.

बाधिताला चारपैकी एकही लक्षण नसण्याची शक्यता ०.३ × ०.५ × ०.४ × ०.६ = ३.६%. रोज सरासरी तीन बाधित धरले तर दर नऊ दिवसांत एक असा येतो की ज्याला पकडणं शक्यच नाही. खेळाडूच्या लक्षात नेमका तोच राहतो. उलट निरोग्यांपैकी ५२% लोकांना किमान एक लक्षण असतं, म्हणजे १७ पैकी नऊ.

आता "दोन लक्षणं म्हणजे परत" हा नियम पाहा. तो ७७% बाधित पकडतो आणि १७ निरोग्यांपैकी सरासरी दोघांनाच चुकून हाकलतो. इतका चांगला नियम तुम्हीच आयता दिलाय, मग कोण डोकं चालवेल?

गंमत अशी की दोन-दोन लक्षणांच्या जोड्या सारख्या नाहीत. प्रत्येक लक्षणाचं वजन म्हणजे बाधितांतलं प्रमाण भागिले निरोग्यांतलं: ताप ३.५, खोकला १.७, डोळे ६, जखम ८. चारही तपासण्या झाल्या आणि फक्त ताप नि खोकला निघाला, तर माणूस बाधित असण्याची शक्यता २२%. फक्त लाल डोळे आणि जखम निघाली तर ६९%. खरा खेळ इथे आहे, पण तो खेळाडूला दिसत नाही. टक्के दाखवू नका. नियमपुस्तिकेत "खोकला: हिवाळ्यात निम्म्या छावणीला आहे" अशी ओळ टाका. आणि दर तीन-चार दिवसांनी वजनं हलवा. धुळीचं वादळ आलं की निरोग्यांचे लाल डोळे १०% वरून ४०% करा: वजन ६ वरून दीडवर येतं आणि कालची सवय आज महागात पडते.

लक्षणहीन बाधित काढून टाका. चारही "नाही" आले तर पुन्हा फासे टाका, इतकंच.

फाशांचा_वैरी

ते काढलं की चारही तपासण्या स्वच्छ म्हणजे शंभर टक्के निरोगी. मग प्रत्येकाच्या चारही तपासण्या करणं हीच एकमेव रीत उरेल.

संभाव्यता_कट्टा

बरोबर, म्हणून वेळ आवळायला हवा. आत्ता २० × ४ × ४ = ३२० सेकंद लागतात, दिवस ६०० चा. सगळं तपासूनही अर्धा दिवस उरतो. तपासणी सरासरी ९ सेकंदांची केली तर ७२० लागतील आणि कुठेतरी सोडावंच लागेल. सरसकट ९ मात्र नको. टॉर्चने डोळे पाहायला ३, थर्मामीटर ७, स्टेथोस्कोप १०, कपडे काढून जखम शोधायला १६. स्वस्त तपासणी आधी करून महागडी करायची की नाही हे ठरवणं, हाच निर्णय तुम्हाला खेळाडूच्या हातात द्यायचाय.

ताप_३८

ताप "आहे/नाही" ठेवू नका, आकडा द्या. रॅन्डएफएन ने (सरासरीच्या आसपासचा आकडा काढणारं गोडोचं फंक्शन) निरोग्याचं तापमान सरासरी ३६.७, विचलन ०.४, बाधिताचं ३८.१, विचलन ०.७. ३७.५ ची (९९.५ फॅरेनहाइट) रेषा धरली तर निरोगी फक्त २% वर जातात आणि बाधित २०% खाली राहतात. तुमच्या तक्त्यापेक्षा हे फारच धारदार आहे. निरोग्यांतही साध्या तापाचे १५-१८% लोक वेगळे मिसळा, तेव्हा मूळ प्रमाण जवळपास परत येईल.

इथे दोन चुका हमखास होतात. टोकाला आलेले आकडे क्लॅम्प केले (हद्दीवरच अडवले) तर तोच टोकाचा आकडा वारंवार दिसतो आणि लोक तो ओळखतात; हद्दीबाहेर गेला की नवा काढा. दुसरं, यंत्राची चूक (±०.२ वगैरे) प्रत्येक मोजणीला नव्याने काढत असाल तर खेळाडू चार वेळा मोजून सरासरी काढतो. एकतर दर मोजणीला वेळ खर्च करा, नाहीतर माणूस तयार होतानाच आकडा गोठवा.

लक्षणांचा रिसोर्स (गोडोतली माहितीची फाइल) फक्त वाचायला ठेवा. गोडो तो एकदाच लोड करून सगळ्यांना तोच देतो, त्यामुळे एका माणसाचा ताप वाढवलात की आख्ख्या रांगेचा वाढतो. माणसागणिक बदलणाऱ्या गोष्टींसाठी वेगळा ऑब्जेक्ट.

नाका_क्रमांक_९

तो रिसोर्सचा घोळ आत्ताच सापडला, धन्यवाद. विलगीकरणात खाटा किती ठेवू? सध्या ६ आहेत आणि लोक संशय आला की सरळ तिथेच पाठवतात.

छावणी_व्यवस्थापक

सहा खूप झाल्या. तुमच्याच तक्त्यानुसार दोन किंवा जास्त लक्षणांची माणसं रोज सव्वाचार येतात. एक खाट २४ तास अडकत असेल तर सहांत ती सगळी मावतात आणि निर्णयच उरत नाही. ३ ठेवा. एकच लक्षण असलेले रोज साडेसात येतात, त्यांत बाधित अर्धा-पाऊण. खाटेसाठी खरी ओढाताण त्यांच्यावरून व्हायला हवी.

विलगीकरणाने माहिती दिली पाहिजे, नाहीतर ती नुसती वेटिंग रूम. बाधिताचं तापमान दर ६ तासांनी ०.४ ने वाढू द्या, साध्या तापाचं उतरू द्या. म्हणजे दुसरं मोजमाप पहिल्याहून मोलाचं ठरतं. एका खोलीत दोघे ठेवता येत असतील तर ३० व्या तासाला बाधित उठतो आणि शेजाऱ्याला चावतो. ही जोखीम खेळाडूला आधी सांगा.

जखमेचेही प्रकार करा. प्रोजेक्ट झोंबॉइड या झोंबी गेममध्ये मूळ सेटिंगला ओरखड्याने संसर्ग ७%, फाटलेल्या जखमेने २५% आणि चाव्याने १००% असतो. एकाच "जखम" लक्षणाऐवजी दिसायला वेगळ्या तीन जखमा ठेवल्यात तर त्या १६ सेकंदांचं चीज होईल.

चुकीची शिक्षा: "पेपर्स, प्लीज" या सीमा-तपासणीच्या गेममध्ये दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद असते, पैसे तिसरीपासून कापतात, आणि चूक काय ते चिठ्ठीवर लगेच छापून येतं. तुमच्याकडे लगेच सांगितलं तर बाधित कोण ते फुटेल, म्हणून संध्याकाळच्या अहवालात कारण द्या: "क्र. १४: डाव्या कानामागे चावा, जखम तपासली नाही." अशा दोन-तीन ओळी आल्या की "नशिबाचा खेळ" म्हणणारे निम्मे गप्प होतील.

शेवटी कलाकाराला एक निरोप. लाल पुरळ गोऱ्या कातडीवर लाल दिसतं. सावळ्या कातडीवर ते गडद तपकिरी किंवा जांभळट दिसतं. एकच लाल टेक्स्चर सगळ्या मॉडेलवर चिकटवलंत तर सावळ्यांवर ते दिसणार नाही किंवा रंग फासल्यासारखं दिसेल. लाल डोळेही फक्त रंगाने दाखवू नका. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांसाठी फुगलेल्या शिरा आणि ओलसर चमक ठेवा, आणि टॉर्चचा प्रकाश पिवळसर असेल तर आधी तो पांढरा करा.