सूचना नागरिकांच्या, पण निवड कुणाची?

मुठाकाठ : पुणे महापालिकेनं 2006 मध्ये नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक सुरू केलं. आपल्या प्रभागातलं 5 लाखांपर्यंतचं काम सुचवायचं: पदपथ, दिवे, बाक, बसथांबा. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात जातो, अधिकारी छाननी करतात, प्रभाग समिती यादी ठरवते. यात लोकांनी एकत्र बसणं कुठेच नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत 1989 पासून लोक सभेला जमून कोणतं काम आधी यावर मतदान करू लागले. एकाला पदपथ हवा, दुसरीला गटार. वाद घालता घालता दोघांनाही कळतं की खालच्या वस्तीत दोन्ही नाही. सामूहिक शहाणपण तिथे तयार होतं, सुट्या अर्जांच्या गठ्ठ्यात नाही.

स्नेहल_बाणेर : अजिबात पटलं नाही. सभेत ज्याचा आवाज मोठा त्याचं काम होतं. पुढच्या खुर्च्यांवर सोसायट्यांचे चेअरमन आणि पक्षाचे कार्यकर्ते, बायका मागे उभ्या. अर्जाला आवाज लागत नाही. आमच्या बोळातला दिवा अशाच अर्जातून आला. क्लासहून सुटलेल्या मुली आधी मेन रोडवरून वळसा घालायच्या, आता सरळ बोळातून येतात.

मुठाकाठ : दिवा आला, फार चांगलं झालं. पण अर्ज कुणी भरला? धुणीभांडी करून रात्री आठला त्याच बोळातून जाणाऱ्या मावशींपर्यंत तो फॉर्म पोचला होता का? सभा वस्तीत, त्यांच्या वेळेला घेता येते.

तात्या_धायरी : तुम्ही दोघं 5 लाखांवर भांडताय, मोठा पैसा भलतीकडूनच गेला. जानेवारी 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत पुणं दुसरं आलं. प्रस्तावासाठी लोकांची मतं भरभरून घेतली. मग कारभार गेला वेगळ्या कंपनीकडे, निर्णय संचालक मंडळाचे. मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासक. राज्यानं 2009 मध्ये क्षेत्र सभा, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागाच्या मतदारांची सभा, कायद्यात घातली आहे. ती आधी भरवायला लावा.

स्नेहल_बाणेर : भरवा ना, पण अर्ज बंद करू नका. नाकारलेल्या प्रत्येक अर्जापुढे कारण लिहून यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावा, एवढी माझी मागणी आहे.

मुठाकाठ : मागणी मान्य. फक्त ते कारण सभेत उभं राहून सांगायला लावा. फलकावर "तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही" एवढंच लिहून सुटता येतं, समोर माणसं बसली की "का नाही?" याचं उत्तर द्यावं लागतं.