आपल्या मागचा डोंगर: फिरायचा की राखायचा? (अनुभव लिहा)

तेरडा
काल सोसायटीच्या मीटिंगला दीड तास एकाच विषयावर भांडण. मागच्या डोंगराचं तारेचं कुंपण जिथं फाटलंय, तिथं गेट मागायचं की ते भगदाड बुजवायचं? एका काकांना पहाटे पाचला फिरायला जायचंय. एका पोराला सायकल उतारावरून सोडायचीये. दुसऱ्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या, तिथं टिटवी उघड्या दगडांत अंडी घालते, कुणीच पाय ठेवू नका. मी गप्प, कारण माझ्या डोक्यात आजीचा विळा.

आम्ही मूळ नाशिकच्या म्हसरूळचे. तेव्हा चामरलेण्यांच्या डोंगराच्या अंगाला एवढ्या बिल्डिंगा नव्हत्या. मी तिसरीत असेन. दिवाळीच्या आधी आजी गवताला जायची आणि मी तिच्या मागे तेरड्याची बोंडं फोडत बसायचे. बोट लावलं की फट्! एक दिवस गार्ड आला. नवीन रोपांच्या रांगेतलं गवत कापलं म्हणून त्यानं विळा काढून घेतला. आजीनं भारा तिथंच टाकला आणि खाली येईपर्यंत बडबडत होती, "डोंगर सरकारचा असंल, गवत काय त्याच्या बापानं पेरलं?" त्याच साली फाल्गुनात तो उतार पेटला. रोपं गेलीच, टिटव्यांचं काय झालं देव जाणे.

मीटिंगमध्ये दोन्ही बाजूंचं पटत होतं, म्हणून हात वर केलाच नाही. तुमच्याकडे काय झालंय ते लिहा. भांडलात तरी चालेल.

सायकल_नाशिकरोड
आलो. शिव्या खायला आम्हीच असतो. २०१५ ला नाशिकचे महाजन बंधू रॅम, म्हणजे अख्खी अमेरिका ओलांडायची सायकल शर्यत, पूर्ण करून आले, तेव्हा मीही सायकल घेतली, तोवर पोट टेबलाला लागत होतं. डोंगरावर पण जातो. खरं सांगतो, ओल्या मातीत ब्रेक दाबत उतरलं की मागे चर पडते, पुढच्या पावसात तिचा ओहोळ होतो. माझ्याच चाकाची चर दसऱ्यापर्यंत गुडघाभर झालेली पाहिली, लाज वाटली. आता पावसाळाभर डांबरीवरच. पण बाकीचे आठ महिने हाकलू नका ना भो.

मिसळ_आधी
चामरलेणी उतरल्यावर मिसळ कुठे खायची? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पहाटपक्षी
@तेरडा विळा परत मिळाला का?

त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीच्या डोंगराचं सांगतो. २०१७ मध्ये संवर्धन राखीव झालं, म्हणजे कायद्यानं जपलेलं क्षेत्र. वरच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे जिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. कड्यांवर गिधाडं. मधे वर गाडीरस्ता न्यायचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिककरांनी विरोध केला, मीही सह्या गोळा करत हिंडलो.

तरी माझा राग रस्त्यापेक्षा ड्रोनवर जास्त. एका जानेवारीत आम्ही लांबून दुर्बिणीतून घरटं बघत होतो. लांब चोचीचं गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, एकच. खालून एकानं ड्रोन सोडला आणि थेट कड्याशी नेला. पक्षी उठला तो आम्ही होतो तोवर परत बसला नाही. ड्रोनवाल्याला सांगायला गेलो तर म्हणे, "काका, फक्त दोन मिनिटांचा शॉट आहे." मी चिडून काहीतरी बोललो, इथं लिहिण्यासारखं नाही.

पायथ्याची_सून
मी अंजनेरीच्या पायथ्याचीच. रविवारी काकडी, ताक, लिंबू सरबत विकते. पावसाळ्यात मॅगी. चांगल्या रविवारी हजार सुटतात, त्यात पोराची क्लासची फी निघते. मीटिंगा शहरात होतात आणि बंद आमचा डोंगर होतो. गुरं वर नेऊ नका, लाकूड आणू नका. शहरातली माणसं मात्र शनिवारी रात्रीपासून स्पीकर घेऊन वर. कायद्यात म्हणे राखीवच्या कमिटीत गावचा माणूस लागतो. आमचे मामंजी एकदा एका मीटिंगला गेले होते, चहा पिऊन आले. काय ठरलं विचारलं तर म्हणाले, बिस्किटं चांगली होती.

गाडी वर जाऊ नये असं मला पण वाटतं. गाडी वर गेली तर माझं ताक कोण पिणार?

पहाटपक्षी
ताई, ड्रोनवाल्यांना तुम्ही खालीच अडवा बरं. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

पायथ्याची_सून
दादा ताक घेतलं तरच ऐकवते 😄

निफाडकर
डोंगर नाही, पाणी चालेल का? नांदूर मध्यमेश्वर, आमच्याकडचं पाणपक्ष्यांचं अभयारण्य. २०२० ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, राज्यातलं पहिलं. अभिमान आहेच. पण बोर्ड लागल्यावर हिवाळ्यातल्या रविवारी चारचाक्यांची रांग. फोटोवाले बांध सोडून थेट हरभऱ्यात. परवा एक जण माझ्या घाट्यांवर पालथा पडून मलाच म्हणतो, "शू! फ्लेमिंगो उडतील." अरे बाबा, शेत माझंय. उडाले तर संध्याकाळी येतील परत, तुझा गुडघा बसलेलं झाड येणार नाही.
घाटे खाऊन गेला ते वेगळंच.

मिसळ_आधी
हरभरा भाजून हुळा... आता भूक लागली.

निफाडकर
या माघात. बांधावरून चालणार असाल तर.

कावडवाला
तेरडाताई, रोपं जळाल्याचं वाचून पोटात तुटलं, कारण मी रोपं लावणाऱ्यांपैकी. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर देवराई उभी राहिली ती बघून आम्ही आठ मित्र पेटलो. आमच्या भागातल्या एका पठारावर दोनशे खड्डे घेतले. कंबरडं मोडलं. वनस्पतीशास्त्राचे एक निवृत्त सर फिरायला यायचे. चौथ्या रविवारी त्यांनी हळूच विचारलं, "इथं भाद्रपदात आला होतात का कधी?" नव्हतो. आलो तर सगळं पठार सोनकीनं पिवळं, बोटाएवढ्या गवतात चंडोलाचं घरटं. ती झाडांची जागाच नव्हती, गवताची होती. अर्धे खड्डे आम्हीच बुजवले आणि रोपं खाली ओढ्याकाठी नेली. त्यातही कुणीतरी उदार मनानं गिरिपुष्प, हे बाहेरच्या देशातलं झाड, दिलेलं, ते पसरतंय ते वेगळंच. बायको अजून विचारते, खड्डे खणता की बुजवता?

पण फिरणाऱ्यांना नावं ठेवू नका. एप्रिलमध्ये टँकर वर जात नाही. आम्ही पायथ्याशी भरलेल्या बाटल्या ठेवल्या आणि पाटी लावली: एक उचला, वरच्या झाडाला घाला, रिकामी खाली आणा. पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या एका ग्रुपनं दोन उन्हाळे ओढ्याकाठची झाडं जगवली. फाटक बंद असतं तर एक वाचलं नसतं.

सायकल_नाशिकरोड
बाटलीची आयडिया ढापतोय. सायकलला दोन लागतात.

गोदेचा_घाट
डोंगर डोंगर काय करताय, इकडे तपोवन बघा. कुंभातल्या साधूंच्या मुक्कामाला साधुग्राम करायचं म्हणून झाडं तोडायच्या नोटिसा लागल्या तेव्हा रोज फिरायला येणारेच आधी झाडाला मिठी मारून उभे राहिले. माझी आई त्यात. गुडघे दुखतात म्हणून देवळात पण खुर्चीवर बसते, तिथं तीन तास उभी. कुंभ २०२७ ला आहे, साधू पण आपलेच, झाडं पण आपलीच. जास्त लिहीत नाही, बीपी वाढतं.

पाच_वाजताचा_काका
मी त्या सोसायटीतला नाही, पण पाच वाजता फिरणाराच आहे. पांडवलेण्यांच्या बाजूला वीस वर्षं जातो. मागच्या थंडीत पायवाटेवर बिबट्या बसलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांनाही वाटलं समोरचा बाजूला होईल. शेवटी मीच झालो. तेव्हापासून उजाडल्यावर जातो. तेरडाताई, तुमच्या काकांना सांगा, पाचला त्याची ड्यूटी संपत असते, गर्दी करू नका.

तेरडा
काका 😂 प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावते.

पहाटपक्षी
विळा???

तेरडा
हो हो, कुकर लावला होता. मिळाला. डोंगर पेटला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जाळरेषा काढायला माणसं हवी होती. पायवाटेच्या दोन्ही अंगांचं गवत कापून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे वणवा पुढे सरकत नाही. तोच गार्ड घरी आला, पिशवीतून विळा काढून ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "मावशी, सोमवारपासून या, रोजावर." आजीनं आधी धार बघितली. गंजलेला होता. म्हणाली, "पहिल्या दिवसाचा रोज धार लावण्याचा. बसून."
दिला त्यानं.

पायथ्याची_सून
आजी भारी!! आमच्याकडे रोज किती देतात विचारते उद्या.

मिसळ_आधी
मिसळीचं कुणीच सांगितलं नाही हं अजून.