प्रतिसाद: ही परंपरा नव्हे, संख्याबळ आहे

निवडणुकीच्या वर्षात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातली जागा भरायची नाही अशी जुनी परंपरा आहे, हा वरचा मुद्दा मला अजिबात पटत नाही. १९८८ हेही निवडणुकीचंच वर्ष. अध्यक्ष रेगन रिपब्लिकन, न्यायाधीशांच्या नेमणुकीला संमती देणाऱ्या सिनेटमध्ये (संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) बहुमत विरोधी डेमोक्रॅट्सचं, तरी फेब्रुवारीत अँथनी केनेडींच्या नावावर ९७ विरुद्ध ० असं शिक्कामोर्तब झालं. (नाव आदल्या नोव्हेंबरात सुचवलं होतं, हे मान्य.)

खरी मोडतोड २०१६ची. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. स्कालिया गेले आणि त्याच दिवशी सिनेटमधल्या रिपब्लिकन बहुमताचे नेते मिच मॅक्कॉनेल यांनी जाहीर केलं की जागा नवा अध्यक्षच भरेल. डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. गार्लंड सिनेटरांच्या कार्यालयांत जाऊन भेटले, लांबलचक प्रश्नावली भरून दिली; पण सुनावणी नाही की मतदान नाही. नको होते तर मत देऊन पाडायचं होतं! राज्यघटनेत सिनेटची संमती लागते, ती नाकारायचा हक्कही आहे. दाराशी ताटकळत ठेवणं मात्र मला अक्षम्य वाटतं.

आणि २०२०? तेव्हा अध्यक्ष ट्रम्पही रिपब्लिकन आणि सिनेटचं बहुमतही. न्या. गिन्सबर्ग १८ सप्टेंबरला गेल्या, २६ ऑक्टोबरला त्यांच्या जागी बॅरेट यांची निवड ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर. निवडणूक ३ नोव्हेंबरला, टपाली मतदान तर सुरूही झालेलं.

रिकाम्या खुर्चीची किंमत लोक मोजतात. जून २०१६मध्ये लाखो स्थलांतरितांना हद्दपारीपासून दिलासा देणाऱ्या ओबामांच्या योजनेचा खटला, नऊपैकी आठच न्यायाधीश असल्यानं, ४-४ असा अडला. न्यायालय समसमान विभागलंय, म्हणून खालच्या न्यायालयाचा निकाल कायम, एवढ्या एका ओळीत विषय संपला आणि योजना रोखलेलीच राहिली.